क्रोममधलं ते ग्राफिक्सचं बटण: चालू ठेवावं की बंद?

आर्णी तालुक्यातल्या एका गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्या ताईंनी विचारलं आहे: "केंद्रात तीन मशीन आहेत. एक सेकंड हँड लॅपटॉप (आय५, सहावी पिढी, विंडोज १०), एक जुना डेस्कटॉप (आय३, दुसरी पिढी, ४ जीबी रॅम) आणि एक गेल्या वर्षी घेतलेला नवा लॅपटॉप. सेकंड हँडवर क्रोममध्ये फॉर्म भरता भरता स्क्रीन मधेच काळी होते अन् दोन-तीन सेकंदांनी परत येते. गावातल्या एका पोराने सेटिंगमध्ये जाऊन हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करून दिलं. काळं होणं थांबलं, पण आता पंखा थ्रेशरसारखा वाजतो अन् मुलांना व्हिडिओ लावून दिला की अडकत चालतो. मग हे चालू ठेवायचं की बंद? तिन्हीवर सारखंच करायचं का?"

ताई, आधी उत्तर देतो, कारण तुमच्या दारात सातबाऱ्यासाठी माणसं उभी असतील. बटण चालू ठेवा, तिन्ही मशीनवर; जुन्या डेस्कटॉपला कदाचित अपवाद करावा लागेल, ते पुढे सांगतो. सेकंड हँड लॅपटॉपवर आठ-दहा दिवस बंद राहिलं तरी बिघडत नाही, पण तो टेकू आहे, दुरुस्ती नव्हे. त्या पोरावर रागावू नका. त्याने दुरुस्ती केली नसली तरी नकळत अर्धं निदान करून दिलं आहे. बंद केल्यावर काळं होणं थांबलं, म्हणजे बिघाड तुमच्या इंटरनेटमध्ये नाही, पोर्टलमध्ये नाही, क्रोममध्येही बहुतेक नाही. तो ग्राफिक्सच्या बाजूला आहे. माझ्या दिग्रसच्या दुकानात असं मशीन आलं की मी पहिल्यांदा हेच करतो: बटण बंद, अर्धा तास वापर, फरक पडतो का पाहा. डॉक्टर पोटावर दाबून "इथे दुखतं का?" विचारतो, तसा या बटणाचा उपयोग. दाबून धरायचा तो इलाज नाही.

आता हे बटण करतं काय, ते समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी कोणाला विचारायची गरज पडणार नाही.

पान उघडताना ब्राउझरला दोन जातीची कामं असतात. मजकूर वाचायचा, कोणता रकाना कुठे बसेल ते ठरवायचं, "सबमिट" दाबल्यावर काय करायचं ते पाहायचं, हे डोक्याचं काम. ते प्रोसेसर करतो. मग जे ठरलं ते स्क्रीनवर ठिपक्या-ठिपक्याने रंगवायचं. सेकंड हँड ऑफिस लॅपटॉपची स्क्रीन बहुधा १३६६ बाय ७६८ ची असते, म्हणजे १० लाख ४९ हजार ८८ ठिपके. तुम्ही पान वर-खाली सरकवता तेव्हा हे चित्र सेकंदाला ६० वेळा ताजं व्हावं लागतं. गुणून पाहा, सेकंदाला सव्वासहा कोटींच्या वर ठिपके होतात. या कामाला अक्कल फारशी लागत नाही, हात लागतात.

तुमच्या घरी कापूस असेलच. सीतादहीची पूजा झाली की वेचणीला बाया लावतात; मालक कितीही हुशार असो, दहा एकर पऱ्हाटी एकटा वेचायला गेला तर संक्रांत उलटून जाईल. मालकाने हिशोब पाहायचा, गाडी ठरवायची, वेचायचं काम बायांनी ओळीने करायचं. प्रोसेसर मालक आहे अन् ग्राफिक्स, म्हणजे जीपीयू, वेचणीची टोळी. तुमच्या लॅपटॉपच्या सहाव्या पिढीच्या आय५मध्ये प्रोसेसरचे कोअर, म्हणजे डोकी, बहुधा दोनच असतात. त्याच चिपवर बसलेल्या ग्राफिक्समध्ये काम करणारी एककं २४. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलं म्हणजे जीपीयू नाही, हा इकडे फार पसरलेला गैरसमज आहे. तुमच्या तिन्ही मशीनमध्ये जीपीयू आहे, तो प्रोसेसरच्याच चिपमध्ये आहे.

बटण बंद केलं की टोळीला सुट्टी अन् मालक स्वतः फडकं बांधून शेतात. काम कमी होत नाही, फक्त दुसऱ्याच्या अंगावर जातं. म्हणून पंखा वाजतो. "बंद केलं की कॉम्प्युटर फास्ट होतो" असं सांगणारे जे लोक आहेत, त्यांचं मशीन फास्ट झालेलं मी तरी क्वचितच पाहिलं. ज्यांचं खरंच झालं, त्यांचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोज अन् जीपीयू यांच्यातला दुभाषा प्रोग्रॅम, बिघडलेला होता.

हा सल्ला आला कुठून, हेही सांगून टाकतो. मार्च २०११ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ९ अन् फायरफॉक्स ४ आठ दिवसांच्या अंतराने आले, आणि दोघांनीही पान रंगवायचं काम जीपीयूकडे जोरात वळवलं. तेव्हाचे ड्रायव्हर खेळांसाठी घासूनपुसून तयार झालेले होते, ब्राउझरसाठी नव्हे. अक्षरं पुसट दिसायची, पान फाटल्यासारखं व्हायचं. तेव्हा "बंद करा" हा सल्ला बरोबर होता. मीही शेकडो मशीनवर बंद करून दिलं असेल. पण ती पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. ड्रायव्हर सुधारले, ब्राउझरही शहाणे झाले: आज क्रोमकडे बिघाडी ड्रायव्हरांची यादीच असते आणि त्यातलं काही सापडलं तर तो त्या-त्या कामापुरता जीपीयू आपणहून बाजूला ठेवतो. सल्ला मात्र तसाच चालत आला.

आता तुमची काळी स्क्रीन. विंडोजमध्ये एक पहारेकरी असतो. जीपीयूला दिलेलं काम दोन सेकंदांत हललं नाही तर तो समजतो की ड्रायव्हर झोपला, आणि ड्रायव्हरला पाडून पुन्हा उभा करतो. तेवढ्यात स्क्रीन काळी होते अन् परत येते. कधी कोपऱ्यात "डिस्प्ले ड्रायव्हर स्टॉप्ड रिस्पॉन्डिंग" अशी सूचनाही दिसते. तुम्ही लिहिलेले दोन-तीन सेकंद यालाच जुळतात. भरलेला फॉर्म शाबूत राहतो याचं कारण असं की क्रोम जीपीयूचं काम वेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे टॅबपासून स्वतंत्र चालणाऱ्या भागात करतो. ती पडली तरी तुमचा टॅब पडत नाही. पण ती वारंवार पडत राहिली तर क्रोम कंटाळतो आणि त्या बैठकीपुरतं सगळं प्रोसेसरवर घेतो. म्हणून कित्येक मशीनवर बटण चालू दिसतं, पण आतून काम बंदच असतं. बटणावर विश्वास ठेवायचा नाही, आत पाहायचं.

आत पाहायचं ते असं. क्रोमच्या पत्त्याच्या जागी इंग्रजीत क्रोम, मग कोलन, दोन तिरप्या रेघा आणि जीपीयू असं टाइप करून एंटर मारा. लांबलचक पान येईल, घाबरू नका. वरचा "ग्राफिक्स फीचर स्टेटस" एवढाच भाग वाचा. कॅनव्हास, कंपोझिटिंग, रास्टरायझेशन, व्हिडिओ डीकोड अशा ओळी असतील. समोर हिरव्यात "हार्डवेअर ॲक्सिलरेटेड" असेल तर टोळी कामावर आहे. "सॉफ्टवेअर ओन्ली" किंवा "डिसेबल्ड" असेल तर मालक एकटा राबतो आहे. एज वापरत असाल तर तिथेही असंच पान आहे. फायरफॉक्समध्ये अबाउट, कोलन, सपोर्ट लिहून ग्राफिक्सचा भाग पाहायचा. "कंपोझिटिंग"समोर नुसतं वेबरेंडर असेल तर ठीक, पुढे "सॉफ्टवेअर" जोडलेलं असेल तर नाही.

हे पान पाहायच्याही आधी डिव्हाइस मॅनेजर उघडून "डिस्प्ले ॲडॉप्टर्स" पाहा. विंडोजच्या बटणासोबत एक्स दाबलं की यादीत ते नाव येतं. तिथे इंटेलच्या ग्राफिक्सचं नाव असायला पाहिजे. "मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर" लिहिलेलं असेल, तर तुमच्या मशीनमध्ये ग्राफिक्सचा ड्रायव्हरच नाही, मग क्रोममधलं बटण चालू असो की बंद, सारखंच. हे मी दर महिन्याला पाहतो. मशीन फॉरमॅट करून देणारा विंडोज टाकतो, ऑफिस टाकतो, मराठी फाँट टाकतो, पैसे घेतो. स्क्रीनवर चित्र दिसतंय ना, मग ड्रायव्हर कशाला! मागे एका जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी लॅपटॉप घेऊन आले होते, दोन ठिकाणी फिरून. एकाने रॅम वाढवायला सांगितली होती, दुसऱ्याने "याचं आयुष्य संपलं" म्हटलं होतं. दोष एवढाच की फॉरमॅटनंतर ग्राफिक्सचा ड्रायव्हर कोणी टाकलाच नव्हता. पंधरा मिनिटांत काम झालं. गुरुजींनी चहा पाजला अन् वर म्हणाले, "बाप्पा, एवढंच होतं काहून?"

तुमचं बटण बंद केल्याने फरक पडला, त्यावरून तुमच्याकडे ड्रायव्हर आहे, पण तो गडबड्या आहे, असा माझा अंदाज. लॅपटॉप ज्या कंपनीचा आहे तिच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून तिथला ग्राफिक्स ड्रायव्हर घ्या. तो जुना असला तरी त्या मशीनसाठी तपासलेला असतो. त्याने भागलं नाही तर इंटेलच्या साइटवरचा. इंटेलने २०२२ मध्ये सहाव्या ते दहाव्या पिढीच्या ग्राफिक्सचे ड्रायव्हर जुन्या गटात टाकले, त्यामुळे तिथे दर महिन्याला नवं काही येईल अशी वाट पाहू नका. शेवटचा एकदा टाकला की झालं. "ड्रायव्हर अपडेटर" नावाचे जे फुकटचे प्रोग्रॅम जाहिरातीत दिसतात, ते मात्र केंद्राच्या मशीनवर घेऊ नका. लोकांचे आधार क्रमांक अन् बँक पासबुकं ज्या मशीनमधून जातात, तिथे ओळखीचं नसलेलं काहीच नको. आणि काळं होणं एखाद्या अपडेटनंतरच सुरू झालं असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या ॲडॉप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये "रोल बॅक ड्रायव्हर" असतं. मागचा ड्रायव्हर परत येतो.

मधल्या काळात फॉर्म भरताना स्क्रीन काळी होऊन तशीच राहिली तर मशीन बंद करू नका. विंडोजचं बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर जागच्या जागी पुन्हा सुरू होतो, उघडलेलं काही जात नाही. हे चार बटणांचं कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवून ठेवा. पीक विम्याच्या शेवटच्या तारखेला आठवण काढाल.

ड्रायव्हरच्याही आधी एक गोष्ट करून घ्या, आणि आपल्या इकडे तीच सगळ्यात जास्त वेळा खरी निघते: लॅपटॉप उघडून साफ करणं. पुण्या-मुंबईचा तंत्रज्ञ हे पहिल्या क्रमांकावर ठेवणार नाही, पण त्याने यवतमाळ जिल्ह्यातला लॅपटॉप उघडलेला नसतो. मी उघडतो तेव्हा पंख्याच्या अन् जाळीच्या मधे राखाडी गादी निघते: रस्त्याचा फुफाटा, सोयाबीन काढतानाची धूळ, आणि जिनिंगच्या जवळचं गाव असेल तर रुई. रुई वाईट, कारण ती नमद्यासारखी दबून बसते अन् वारा पूर्ण अडवते. त्यात मे महिना, टिनाचं छत, बाहेर ४४-४५ अंश. प्रोसेसर अन् जीपीयू एकाच चिपवर, एकाच पंख्याखाली. तापलं की चिप स्वतःला वाचवायला वेग उतरवते, आणि मग तेच काम रखडायला लागतं. अशा तापलेल्या मशीनवर ग्राफिक्स चालू ठेवलं की काळं होतं, बंद केलं की प्रोसेसर आणखी तापून पान रेंगाळतं. लोक बटणाला दोष देतात, दोष गादीचा. साफ करून थर्मल पेस्ट नवी लावली की निम्म्या तक्रारी मिटतात. कुलरसमोर लॅपटॉप ठेवायची सवय मात्र सोडा, दमट वारा आत ओढला जातो अन् धुळीचा चिखल होतो.

बंद ठेवण्याचा आणखी एक खर्च आहे, तो बिलात दिसत नाही. लाईन गेली की तुम्ही बॅटरीवर किंवा इन्व्हर्टरवर येता. व्हिडिओ उलगडायचं काम चिपमधला त्यासाठीच बनवलेला छोटा भाग फार कमी विजेत करतो. तेच प्रोसेसरकडून करून घेतलं तर तो दमून जातो अन् बॅटरी लवकर उतरते. ज्या गावात दुपारची लाईन भरवशाची नाही, तिथे हा फरक पान उघडण्याच्या वेगापेक्षा मोठा.

आता मुलांचे व्हिडिओ. व्हिडिओ दाबून, गुंडाळून पाठवलेला असतो, आणि गुंडाळण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. यूट्यूबवर तीन दिसतात: जुनी एच२६४, मधली व्हीपी९, नवी एव्ही१. नवी पद्धत कमी डेटात चांगलं चित्र देते, पण उलगडायला अवघड. चिपमध्ये तिच्यासाठी तयार सोय असेल तर काही वाटत नाही. नसेल तर सगळं ओझं प्रोसेसरवर. एच२६४ची सोय तुमच्या तिन्ही मशीनमध्ये आहे, दुसऱ्या पिढीच्या डेस्कटॉपमध्येसुद्धा. व्हीपी९ची पूर्ण सोय इंटेलच्या सातव्या पिढीपासून आली. तुमचा सहाव्या पिढीचा लॅपटॉप नेमका उंबरठ्यावर अडला आहे, त्यात ती अर्धवट आहे. एव्ही१ची सोय अकराव्या पिढीपासून, म्हणून नव्या लॅपटॉपला काहीच त्रास नसावा.

खात्री करायची असेल तर चालू व्हिडिओवर माउसचं उजवं बटण दाबून "स्टॅट्स फॉर नर्ड्स" निवडा. कोडेक्सच्या ओळीत एव्हीसी१ म्हणजे जुनी पद्धत, व्हीपी०९ म्हणजे मधली, एव्ही०१ म्हणजे नवी. तिथेच "फ्रेम्स"च्या ओळीत "ड्रॉप्ड", म्हणजे गाळलेल्या चित्रांचा आकडा असतो. तो भराभर वाढत असेल तर मशीनला झेपत नाहीये. आकडा जागेवर आहे आणि तरी व्हिडिओ थांबून गोल फिरतंय, तर ते इंटरनेट आहे, ग्राफिक्सकडे पाहूच नका. दुसरीकडून पाहायचं तर टास्क मॅनेजर उघडून "परफॉर्मन्स"मध्ये जीपीयू निवडा. व्हिडिओ चालू असताना "व्हिडिओ डीकोड"चा आलेख हलत असेल तर काम योग्य जागी चाललंय. जुन्या ड्रायव्हरवर हा जीपीयूचा भाग दिसतच नाही, आणि ते न दिसणं हीसुद्धा एक माहितीच.

उपाय? बटण चालू करा आणि व्हिडिओ ४८० वर लावा. फळ्यावरचं अक्षर ४८० मध्ये वाचता येतं, डेटाही वाचतो. यूट्यूबला जुनी एच२६४च द्यायला लावणारं एच२६४इफाय नावाचं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, आहे, जुन्या मशीनवर ते खरंच कामाचं आहे. चित्र १०८०च्या वर जात नाही, पण तुमच्या स्क्रीनला त्याची गरजही नाही. फक्त ज्या ब्राउझरमध्ये लोकांचे दाखले भरता, त्यात कोणतंच एक्स्टेन्शन टाकू नका, कितीही चांगलं असलं तरी. मी केंद्रवाल्यांना सांगतो की क्रोम कामाला अन् फायरफॉक्स मुलांना. एक्स्टेन्शन टाकायचंच तर फायरफॉक्समध्ये टाका. याने दुसराही फायदा होतो. हे बटण प्रत्येक ब्राउझरचं वेगळं असतं, त्यामुळे एकाची गडबड दुसऱ्यात येत नाही.

फक्त व्हिडिओतच हिरवे पट्टे येतात किंवा रंग फाटतात अन् बाकी पान नीट दिसतं, असं असेल तर सगळं बंद करायची गरज नाही. क्रोमच्या फ्लॅग्जच्या पानावर (वर सांगितलेल्या पत्त्यात जीपीयूऐवजी इंग्रजीत फ्लॅग्ज लिहिलं की उघडतं) "हार्डवेअर ॲक्सिलरेटेड व्हिडिओ डीकोड" नावाची वेगळी कळ आहे, तेवढीच "डिसेबल्ड" करा. त्याच पानावर "ओव्हरराइड सॉफ्टवेअर रेंडरिंग लिस्ट" ही कळ असते, तिला मात्र हात लावू नका. क्रोमने बिघाडी ड्रायव्हर म्हणून जे स्वतःहून बाजूला ठेवलंय, ते जबरदस्तीने चालू करायची ती कळ आहे. "हे चालू करा, मशीन उडते" असं सांगणारे भेटतील. मशीन उडत नाही, क्रोम उडतं.

जुन्या डेस्कटॉपबद्दल मी तुम्हाला फार आशा दाखवणार नाही. दुसऱ्या पिढीच्या ग्राफिक्ससाठी इंटेलने विंडोज १०चा ड्रायव्हर काढलाच नाही, जुन्या विंडोजचाच तिथे कसाबसा चालतो. विंडोज ७ असेल तर त्याहून अवघड: क्रोमची १०९ ही आवृत्ती त्यावरची शेवटची, जानेवारी २०२३ ची. त्यानंतरच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याला मिळालेल्या नाहीत. त्या मशीनवर बटण चालू करून दोन दिवस पाहा. चित्र फाटलं, अक्षरं गायब झाली, तर बंद करा अन् बंदच ठेवा. तिन्ही मशीनपैकी हे एकच असं आहे जिथे बंद ठेवणं हा कायमचा निर्णय ठरू शकतो, कारण तिथे ड्रायव्हर सुधारायचा रस्ताच उरलेला नाही. मग त्यावर नुसते फॉर्म अन् प्रिंट, व्हिडिओ नाही. खर्च करायचाच असेल तर हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा अन् रॅम ८ जीबी करा, दोन सारख्या पट्ट्यांत. चिपमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच उसनी घेतं, आणि दोन पट्ट्या असल्या की तिला रस्ताही दुप्पट रुंद मिळतो.

यावरून आठवलं. केंद्रवाल्यांच्या तक्रारी मी ऐकतो त्यातल्या बहुतेकांचा या बटणाशी संबंधच नसतो. "सबमिट" दाबल्यावर गोल फिरत राहतं, तो पलीकडचा सर्व्हर किंवा तुमचं नेट. सगळंच मशीन गोठतं, माउससुद्धा, आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसते, ती हार्ड डिस्क. अंगठ्याचं मशीन घेत नाही म्हणून एका भाऊने हे बटण बंद केलं होतं! त्या मशीनची आरडी सर्व्हिस, म्हणजे अंगठा घेणारा प्रोग्रॅम, विंडोजमध्ये स्वतंत्र चालते, तिला जीपीयूचं काही देणंघेणं नाही. ग्राफिक्सचं दुखणं दिसतं ते वेगळं: पान सरकवताना पांढरे-काळे चौकोन, ड्रॉपडाउनची यादी उघडते पण रिकामी दिसते, अक्षरं माउस फिरवला की उमटतात, खिडकी मोठी-लहान केली की चित्र दुरुस्त होतं. असं दिसलं तरच इकडे या.

बंद ठेवणं योग्य अशी आणखी एक-दोन ठिकाणं आहेत. ऑनलाइन मीटिंगमध्ये तुम्ही स्क्रीन दाखवता अन् समोरच्याला क्रोमच्या जागी काळा चौकोन दिसतो, तेव्हा तेवढ्यापुरतं बंद करा. दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपवर हे जास्त होतं. तिथे विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये "ग्राफिक्स"खाली क्रोमला "पॉवर सेव्हिंग" दिलं तरी बहुधा भागतं. उलट शेताचे उपग्रह नकाशे पाहायचे असतील, तिरपे करून, फिरवून, तर बंद ठेवून चालणारच नाही. ते एक तर उघडत नाहीत, नाहीतर इतके संथ चालतात की समोरचा शेतकरी उठून निघून जातो.

आता सेकंड हँड लॅपटॉपचं काम कोणत्या क्रमाने करायचं ते सांगतो. आज बटण बंद आहे तसंच राहू द्या, काम अडवू नका. रविवारी तो साफ करून घ्या. मग ड्रायव्हर टाका, मशीन बंद करून चालू करा. त्यानंतर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये "सिस्टम"खाली "यूज ग्राफिक्स ॲक्सिलरेशन व्हेन अव्हेलेबल" चालू करा. जुन्या आवृत्तीत याच जागी "हार्डवेअर ॲक्सिलरेशन" असं लिहिलेलं असतं. शेजारी "रीलाँच" येईल, ते दाबल्याशिवाय बदल लागू होत नाही. अर्धे लोक इथेच चुकतात अन् म्हणतात, काही फरक पडला नाही. फायरफॉक्समध्ये "जनरल"खाली "परफॉर्मन्स" आहे, आधी "रेकमेंडेड"ची खूण काढावी लागते, मगच ती कळ दिसते. मग जीपीयूचं ते पान उघडून हिरवं आलं का पाहा, आणि आठवडाभर नेहमीसारखं काम करा.

आठवड्यात एकदाही काळं झालं नाही, तर विषय संपला. साफसफाई अन् नवा ड्रायव्हर दोन्ही होऊनही होत असेल, तर मग क्रोमच्या बाहेर होतं का ते पाहा: व्हॉट्सॲपमध्ये, साध्या डेस्कटॉपवर. तिथेही होत असेल तर चिप किंवा स्क्रीनला जोडणारी केबलची पट्टी, ते उघडूनच कळेल, अन् सेकंड हँडवर त्याचा खर्च करायचा की नाही ते आपण आकडा पाहून ठरवू. या लॅपटॉपला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, हे त्या हिशोबात धरा. नव्या लॅपटॉपवर काहीही करू नका. त्या पोराने तिथेही बटण बंद केलं असेल तर चालू करा, एवढंच.

दुकानात आणाल तेव्हा चार्जर सोबत आणा. व्होल्टेज वर-खाली होणाऱ्या गावातले डुप्लिकेट चार्जर मला आधी तपासायचे असतात.